उंबऱ्यापर्यंतचे पाणी

आपल्याकडे पुराचा इतिहास लिहिला जातो तो महापुराचा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूर पाण्याखाली गेले, २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले. या तारखा बहुतेकांना तोंडपाठ असतात, आणि त्या असायलाही हव्यात. परंतु नदीकाठच्या, ओढ्याकाठच्या किंवा उताराच्या गल्लीतल्या घराची वर्षानुवर्षे गाठ पडते ती एका वेगळ्याच पाण्याशी. ते घोट्याएवढे असते, फार तर गुडघ्याएवढे. सकाळी येते, संध्याकाळपर्यंत ओसरते. वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र येत नाही. भिंतीला धरलेली ओल, तळाशी भिजलेले धान्याचे पोते, कपाटाच्या खालच्या कप्प्यातली फुगलेली कागदपत्रे एवढ्याच त्याच्या खुणा.

मराठी भाषेने मात्र या पाण्याची वेगळी नोंद ठेवली आहे. ‘महापूर आला’, ‘पूर आला’ आणि ‘पाणी आले’ ही तीन विधाने नदीकाठचा माणूस एकमेकांच्या जागी वापरत नाही. महापूर ही आपत्ती, पूर ही घटना, आणि ‘पाणी येणे’ हा पावसाळ्यातला एक प्रसंग. या तिसऱ्या पाण्यापासून घर कसे राखले जात होते, याचा शोध हा प्रस्तुत लेखाचा विषय. तो घेताना एक गोष्ट आम्हांला पुन:पुन्हा जाणवत गेली. घर पाण्यापासून वाचवणे ही आज आपण ज्याच्या त्याच्या घराची बाब समजतो. परंतु आपल्या दारातून वळवलेले पाणी कोणाच्या तरी दारात जातेच. त्यामुळे लहान पुराचा इतिहास हा मुळात शेजाराचा इतिहास आहे. घरबांधणीचे जुने शब्द, रूढी आणि कायदे या शेजाराच्याच भोवती फिरतात.

प्रथम जोत्याचा विचार करू. वाडा असो की साधे तीन खणी घर, जमिनीवर उभे राहण्याआधी ते जोत्यावर उभे राहते. हा शब्द वर्गात आला की अलीकडे त्याचा अर्थ सांगावा लागतो: जमिनीच्या वर उचलून घेतलेला, बहुधा दगडी बांधणीचा, घराचा पायथा. मोल्सवर्थच्या १८३१ च्या आणि पुढे १८५७ मध्ये सुधारून निघालेल्या कोशात जोते आहे, वळचण आहे, पागोळी आहे. या शब्दांमागे एक साधे शास्त्र आहे. देशावरच्या घरांच्या भिंती पुष्कळदा पांढऱ्या मातीच्या. ही माती कोरडी असते तोवर भक्कम असते. भिजली की खचते. अशा भिंतीला पाणी दोन वाटांनी लागते, वरून पावसाच्या झडीने आणि खालून चढणाऱ्या ओलीने. वरची वाट छप्पर पुढे काढून अडवायची आणि खालची जोत्याने. म्हणून दगड खाली आणि माती वर. लाकडी खांबही थेट जमिनीत न रोवता दगडी तळखड्यावर उभा केला जाई, त्याचे कारणही हेच. लाकडाचे बूड ओलीत राहिले की कुजते. कोकणात मातीच्या जोडीला जांभ्याचा चिरा आला, पाऊस कितीतरी पटींनी वाढला, पण खाली उंच चौथरा आणि वर रुंद वळचण हे सूत्र तेच राहिले.

जोत्याच्या पुढची पायरी म्हणजे घराच्या आतली चढण. अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून ओसरीत, ओसरीतून माजघरात जाताना अनेक जुन्या घरांत प्रत्येक ठिकाणी पाऊल थोडे उचलावे लागते. ही उंची कधी एका पायरीची असते, कधी चार बोटांची. वाड्यातला चौक याउलट खाली घेतलेला असतो. चारी बाजूंच्या छपरांचे पाणी तिथे उतरते आणि मोरीवाटे बाहेर पडते. पाण्याला वर चढायला अनेक टप्पे आणि खाली जायला एक निश्चित वाट, अशी ही रचना. ती डोळ्यांसमोर आणली म्हणजे उंबऱ्याचे स्थानही स्पष्ट होते. तो या टप्प्यांमधला एक आडवा टप्पा आहे. उंबरा या शब्दाचे नाते औदुंबराशी जोडले जाते. उंबराचे लाकूड पाण्यात टिकते असा अनुभव असल्यामुळे विहिरीच्या तळाशी घालायच्या चौकटीसाठी ते वापरले जाई. साहित्यात उंबरा येतो तो मर्यादेचे प्रतीक म्हणून. कोणी तो ओलांडते, कोणी तो झिजवते. प्रतीक होण्यापूर्वी तो एक आडवे लाकूड होता, आणि चार बोटे पाणी बाहेर ठेवणे हे त्याच्या कामांपैकी एक होते, हे साहित्याच्या अभ्यासकाने विसरू नये.

जोते किती उंच घ्यायचे, हा यापुढचा प्रश्न. उंची वाढवली की दगड, मजुरी आणि पायऱ्या वाढतात. कमी ठेवली की पाणी आत येते. मधला बिंदू ठरवायला पाण्याची आठवण लागते, आणि ती एका घराची असून भागत नाही. कारण एका पिढीच्या अनुभवात पाण्याच्या सगळ्या उंच्या बसत नाहीत. म्हणून नदीकाठच्या गावांनी पाण्याची मापे चव्हाट्यावर ठेवली. नाशिकला रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. गोदावरीचे पाणी मारुतीच्या पायाशी आले, गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत चढले, अशा भाषेत नाशिककर पूर मोजत आले आहेत. पलीकडे पंचवटीच्या बाजूला नारोशंकराचे मंदिर आहे. १७४७ चे हे मंदिर आणि त्यावरची, वसईच्या १७३९ च्या विजयाची आठवण सांगणारी घंटा. मोठ्या पुराच्या वेळी पाणी या घंटेपर्यंत पोहोचले की नाही, अशी चर्चा होते. म्हणजे एकाच गावाजवळ दोन मापे आहेत, एक वर्षाकाठच्या पाण्याचे आणि दुसरे आयुष्यात एखाद्या वेळी येणाऱ्या पाण्याचे. सराफ बाजारातल्या आणि भांडीबाजारातल्या दुकानदाराला रोजच्या व्यवहारात उपयोगी पडते ते पहिले. मारुतीच्या अंगावर पाणी कुठवर चढले आहे यावरून खालच्या फळीवरचा माल वर घ्यायचा की नाही, हे त्याला ठरवता येते.

सांगलीला हेच काम आयर्विन पूल करतो. १९२९ मध्ये हा पूल खुला झाला आणि कृष्णेचे पाणी फुटांत बोलू लागले. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीस फुटांना धोका. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याशी हे आकडे अनुक्रमे एकोणचाळीस आणि त्रेचाळीस फूट आहेत. या शहरांतल्या नदीकाठच्या माणसाला आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी किती फुटांना येते, ओट्याला किती फुटांना लागते, हे पाठ असते. सरकारी आकड्याचे असे घरगुती भाषांतर झाल्याशिवाय तो आकडा कामाचा होत नाही. मारुतीच्या गुडघ्यापासून पुलाच्या फुटापर्यंत माप बदलले, पण ते सर्वांना दिसेल अशा जागी असण्याचा नियम बदलला नाही. जोते ज्याचे त्याचे असले, तरी ज्या मापाने ते घालायचे ते माप सगळ्या गावाचे होते.

पाणी अडवण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक विचार जुन्या माणसांनी पाण्याला वाट देण्याचा केलेला दिसतो. वाईचे ढोल्या गणपतीचे मंदिर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये कृष्णेच्या घाटावर बांधलेल्या या मंदिराची मागची भिंत निमुळती, माशाच्या आकाराची केलेली आहे. पुराचे पाणी तिच्यावर आदळते तेव्हा दुभंगते आणि दोन्ही बाजूंनी निघून जाते. सपाट भिंतीने जो मार खाल्ला असता, तो ही भिंत चुकवते. नृसिंहवाडीला तर याहून पुढचा विचार आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या दत्तमंदिरात पाणी चढू लागले की उत्सवमूर्ती वरच्या जागी हलवतात. पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागते, तेव्हा त्या प्रवाहात स्नान करायला भाविक जमतात. हा दक्षिणद्वार सोहळा. त्याच्या धार्मिक अर्थाविषयी येथे काही म्हणायचे नाही. आम्हांला त्यातली व्यवस्था महत्त्वाची वाटते. हलवता येईल ते वेळेवर हलवायचे, हलवता न येणारे दगडाचे ठेवायचे, आणि आलेल्या पाण्याला जायला दार मोकळे ठेवायचे.

आजचे स्थापत्यशास्त्रही लहान पुराविषयी काही वेगळे सांगत नाही. दाराच्या चौकटीला खाचा करून त्यात फळ्या बसवता येतात, उंबऱ्याबाहेर वाळूची पोती रचता येतात, आणि फूटभर पाणी काही तास बाहेर ठेवायला एवढे पुरते. पण दोन-तीन फुटांहून उंच पाणी बाहेर अडवून धरले आणि आत कोरडे राखले, तर त्या पाण्याच्या दाबाने भिंतच धोक्यात येते. तेव्हा दार उघडून पाणी आत घ्यावे आणि वस्तू वर न्याव्या, हेच शहाणपणाचे ठरते. जुन्या पेठांतल्या दुकानांना खाचेत सरकवायच्या लाकडी फळ्या असत आणि वर माळा असे. अडवायचे साधन आणि उचलून ठेवायची जागा, दोन्ही एकाच दुकानात. अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या संगमाजवळ वसलेल्या राजापूरच्या बाजारपेठेत पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी येणे ही नित्याची गोष्ट आहे. तिथला व्यापारी पाण्याशी झुंज देत बसत नाही, माल वर चढवतो. त्याला आपण पराभव म्हणू नये. किती पाण्यापर्यंत अडवायचे आणि कुठून पुढे वाट द्यायची, हे त्याला ठाऊक आहे एवढाच त्याचा अर्थ.

वाट दिलेले पाणी पुढे जाते ते शेजाऱ्याकडे. इथून खरा इतिहास सुरू होतो. छपरावरून पडणाऱ्या पाण्याची धार म्हणजे पागोळी. आपली पागोळी आपल्या हद्दीत पडावी की शेजाऱ्याच्या, दोन घरांमधली बोळ कोणाची, मोरीचे तोंड कोणाच्या परसात उघडावे, हे वाद घराइतकेच जुने. या वादांना लिखित कायद्याचे रूप मिळाले ते १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाने. हा कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. वरच्या जमिनीवर पडलेले पाणी, ठरीव प्रवाह नसताना, नैसर्गिक उताराने खालच्या जमिनीत जात असेल तर खालच्या मालकाने ते जाऊ द्यावे, हे तत्त्व या कायद्यात उदाहरणादाखल स्पष्ट केलेले आहे. वीस वर्षे उघडपणे, बिनतक्रार चालत आलेल्या वहिवाटीला तो हक्काचा दर्जा देतो. म्हणजे वीस पावसाळे जी पागोळी शेजाऱ्याच्या बोळात पडत आली, तिला तिथे पडण्याचा हक्क मिळू शकतो. आजही घराच्या खरेदीखतात चतु:सीमेबरोबर वहिवाटीच्या हक्कांचा उल्लेख येतो, तो निव्वळ लेखनिकाच्या सवयीचा नाही. जागेबरोबर तिच्यावरून जाणाऱ्या पाण्याचा इतिहासही हस्तांतरित होत असतो.

मात्र शेजाराचे हे चित्र फार सुबक करून चालणार नाही. ‘वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही’ ही म्हण सर्वांना माहीत आहे. पाण्याचा स्वभावधर्म सांगणारी ही म्हण वापरली गेली ती माणसांची पायरी दाखवण्यासाठी. गावाच्या रचनेतही हेच झाले. दगडी जोते ज्याला परवडते त्याचे घर वर, आणि ज्याला उंच जागाही मिळाली नाही, दगडही मिळाला नाही, त्याची झोपडी उताराला, ओढ्याच्या कडेला, गावकुसाबाहेर. जोते ही अनेक ठिकाणी प्रतिष्ठेची खूण होती. वरच्या घराने सोडलेले पाणी खालच्याने घ्यायचे हा निसर्गाचा नियम. परंतु खाली कोणी राहायचे हे निसर्गाने ठरवले नव्हते. ज्याला आपण समंजस शेजार म्हणतो, त्यात खालच्या घराची संमती कितपत विचारली गेली होती, हा प्रश्न लहान पुराच्या इतिहासाला टाळता येत नाही. श्रीमंताच्या वाड्यात ‘पाणी आले’ एवढ्यावर निभावणारा पाऊस खालच्या वस्तीत त्याच दिवशी घर पाडत असे. एकाच पाण्याला दोन उंचीवर दोन नावे असतात.

दुसरी नोंद श्रमाची. जोते एकदा बांधले की संपत नाही. घर दरवर्षी राखावे लागते. मृगाआधी शाकारणी करायची, कौले फिरवायची, मोरीचा गाळ काढायचा, अंगणातल्या पाटाला उतार करून घ्यायचा, जळण आणि गोवऱ्या कोरड्यात न्यायच्या, पावसाळ्याची बेगमी कणग्यांतून आणि डब्यांतून वर ठेवायची. ‘पाण्याआधी वळण बांधणे’ हा वाक्प्रचार या कामांतून आलेला आहे. पाणी येऊन गेले की गाळ उपसायचा, भिंतीची पडलेली माती लिंपायची, जमीन सारवायची. यातले शाकारणीसारखे काम सोडले तर पुष्कळसे बायकांच्या वाट्याला येई. जोते बांधणाऱ्याचे नाव एखाद्या वेळी दगडावर कोरलेले सापडते. पाणी ओसरल्यावर घर पुन्हा घर करणाऱ्या हातांची नोंद कुठेही नाही. ती असलीच तर कृष्णाकाठी नदीची ओटी भरण्याच्या रिवाजात आहे. वाढलेल्या नदीला बायका खण-नारळ अर्पण करतात, तेव्हा तिच्याशी नाते लावतात आणि तिने परत फिरावे असेही सांगतात. कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेतली नदीही घरात शिरते ती पाहुणी म्हणून. ती कविता आपण आत्मसन्मानाची कविता म्हणून शिकवतो आणि ते बरोबरच आहे. तिच्यात पाणी ओसरल्यानंतरच्या कामाचा जो तपशील आहे, तोही नदीकाठच्या एका जुन्या गृहव्यवस्थेतून आलेला आहे, हे शिकवताना सांगायला हवे असे आम्हांला वाटते.

ही व्यवस्था विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोडत गेली. त्याला एकच कारण देता येणार नाही. सिमेंट आणि भाजलेली वीट आली, तेव्हा भिंत विरघळण्याची भीती गेली आणि तिच्याबरोबर उंच जोत्याची निकडही गेली. धरणे झाली, तेव्हा नदी आता माणसाच्या हातात आहे असा विश्वास वाटू लागला. पाण्याची आठवण ठेवण्याचे काम मारुतीकडून आणि म्हाताऱ्या माणसांकडून कचेऱ्यांकडे गेले. नकाशावर पूररेषा आल्या: साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. या रेषा आवश्यक आहेत. परंतु दरवर्षीच्या घोटाभर पाण्याची रेषा या नकाशात नाही. ती पूर्वी जोत्यांच्या रांगेने गल्लीत आखलेली होती.

गल्लीचीही पातळी स्थिर राहिली नाही. डांबराचा जुना थर न खरवडता त्यावर नवा थर घालण्याच्या रीतीने अनेक शहरांत रस्ते वर चढत गेले. ज्या घरात तीन पायऱ्या चढून जावे लागे, तिथे आता एक पायरी उतरून जावे लागते. जोते बांधणाऱ्याचा हिशोब चुकलेला नव्हता. त्याच्यासमोरची जमीनच बदलली. मग ज्याला शक्य असेल तो घर पाडून नवे बांधतो आणि भराव घालून आपली जागा रस्त्याच्याही वर नेतो. त्याच्या जागेवर मुरणारे किंवा तिथे थांबणारे पाणी आता शेजारच्या जुन्या घरात उतरते. त्या घराला पुढच्या पावसाळ्याआधी उंबऱ्यावर विटांचा थर द्यावा लागतो, आणि तिथून परतलेले पाणी तिसऱ्याकडे जाते. प्रत्येक जण आपले घर वाचवतो आणि गल्ली बुडत राहते. बहुमजली इमारतींनी तळमजला वाहनांना देऊन आपल्यापुरता प्रश्न सोडवला. ज्यांचे सगळे घरच तळमजल्यावर आहे, त्यांच्यासाठी तो अधिक अवघड झाला.

आणखी एक बदल आहे, जो नजरेतून सुटतो. जुन्या घराची मोरी आणि शौचकूप बहुधा परसाच्या बाजूला, घराच्या मुख्य जमिनीहून खाली असत. आज ती घरात, इतर खोल्यांच्याच पातळीवर आली आहेत आणि सार्वजनिक गटाराला जोडलेली आहेत. त्यामुळे गटार तुंबले की पाणी पहिल्यांदा दारातून येतच नाही, ते न्हाणीघराच्या जाळीतून वर येते. उंबऱ्यावर कितीही पोती रचली तरी त्याचा उपयोग होत नाही. त्यासाठी नळाला पाणी उलट येऊ न देणारी झडप बसवावी लागते, आणि प्रसंगी ते तोंड बंद करावे लागते. विजेच्या खटक्यांची जागा जमिनीपासून वर घेणे, पिंप आणि शेगडी उंचावर ठेवणे ही आजची वळणे आहेत. पण गटार सगळ्या गल्लीचे आहे, आणि घरोघरी बसवलेली झडप गटार साफ करू शकत नाही. आपण पुन्हा शेजारापाशीच येऊन पोहोचतो.

हे सगळे सांगताना जुन्या घरांचा गौरव करून थांबण्याचा मोह होतो. तो आवरायला हरिपूरची पेवे पुरेशी आहेत. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमापाशी असलेल्या या गावी जमिनीखालच्या पेवांत हळद साठवण्याची मोठी परंपरा होती. तिथल्या मातीचा गुण आणि पाण्याच्या नेहमीच्या पातळीचा अनुभव यांवर ही साठवण उभी होती. नेहमीच्या पुराला पेव दाद देत नसे. २००५ च्या महापुरात पाणी त्या अनुभवाच्या बाहेर गेले. पेवे बुडाली, हळद गेली, आणि त्यानंतर पेवांची ती परंपरा ओसरत गेली. २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी पाणी सत्तावन्न फुटांवर पोहोचले, तेव्हा कोणतेच जोते पुरे पडणार नव्हते. महापुराचे उत्तर जोत्यात नाही. ते धरणांतून पाणी सोडण्याच्या नियोजनात, नदीपात्रातली बांधकामे रोखण्यात, वेळेवर माणसे हलवण्यात आहे, आणि ते सरकारनेच द्यायचे असते. जोत्याच्या आठवणी काढून सरकारची ही जबाबदारी घरमालकाच्या अंगावर ढकलता येणार नाही.

परंतु याची दुसरी बाजूही खरी आहे. महापुराकडे डोळे लावून बसलेल्या समाजाला लहान पूर दिसेनासा होतो. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला आणि माणसे दगावली. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात याच ओढ्याला वळण देण्यात आले होते आणि कात्रजला तलाव बांधून त्याचे पाणी शहरात आणले होते. ज्या ओढ्याची शहराने एवढी दखल घेतली होती, त्याच्या काठावर पुढे भिंती आणि वस्त्या उभ्या राहिल्या. ओढा शब्दाने उरला आणि जागेने आक्रसला. वर्षानुवर्षे आलेल्या घोटाभर पाण्याने आधी बजावले असणारच. पण ‘पाणी आले’ या विधानाला पूर्वी जे वजन होते, ते आता राहिलेले नव्हते.

लहान पाणी हे अशा रीतीने मोठ्या पाण्याची पूर्वसूचना असते, आणि तिचा अर्थ लावायला शब्द लागतात. जोते, तळखडा, पागोळी, वळचण, मोरी, पाट हे शब्द आज आपण बोलीचा ठेवा म्हणून संग्रहित करतो आणि परीक्षेत त्यांचे अर्थ विचारतो. ते घराचे भाग सांगतात, तसेच पाणी कुठून येते, कुठे थांबते आणि कोणाच्या दारात जाते, हेही सांगतात. जुन्या पेठेतून जाताना घरांच्या जोत्यांची रांग पाहावी. एखादे मध्येच फार वर आलेले दिसले, तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांचे उंबरे पाहावेत. त्यांच्यावर विटांचा नवा थर चढलेला असेल, तर त्या गल्लीचा अलीकडचा इतिहास तिथे वाचायला मिळेल.